कॅमेरा हलणार नाही

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. बाबाही ठीक आहेत. गुडघे कुरकुरतात तेवढं सोडलं तर प्रकृती ठणठणीत, आणि तोंड त्याहून ठणठणीत. फोन केला असता, पण तू नंबर बदललास आणि नवा आम्हाला दिला नाहीस. पत्ता भावोजींच्या छपाईच्या दुकानाच्या जाहिरातीत सापडला. तिथे पाठवलेलं तुला मिळेल असं धरून चालतेय.

काम आहे म्हणून लिहितेय, गळा काढायला नाही.

मी एक फिल्म करतेय. लहानच, आठ मिनिटांची. इतकी वर्षं दुसऱ्यांनी काढलेलं कापून-जोडून दिलं, ही माझी स्वतःची पहिली. गोष्ट एवढीशी आहे. एक खोली, टेबल, खुर्ची आणि आतल्या खोलीचं अर्धवट उघडं दार. खुर्चीत एक म्हातारा बसलाय. आतून त्याची मुलगी बोलते आहे, ती दिसत मात्र कधीच नाही. ती आज घर सोडून जाणार आहे. म्हाताऱ्याला तिला थांब म्हणायचं आहे आणि तो म्हणत नाही. संपली फिल्म.

कॅमेरा एकाच जागी राहणार. लेन्स एकच. पुढे जाणं नाही, वळणं नाही, जवळून चेहरा दाखवणं नाही. गेली पंधरा वर्षं मी एडिटिंगच्या टेबलावर बसून बघतेय, नट जरा हळवा झाला की कॅमेरा लगबगीने त्याच्या डोळ्यांपाशी जातो. लग्नघरातल्या एखाद्या आगाऊ आत्याबाईसारखा. मला तसं नको आहे. कॅमेऱ्याने गप्प बसावं आणि बघणाऱ्याने काय ते शोधावं.

म्हातारा म्हणजे आपले बाबा. हस, हस. मी तीन नट बघितले, तिघांनी खुर्चीत बसल्या बसल्या दुःखी व्हायला सुरुवात केली. बाबांना म्हटलं नुसतं बसा, तर ते नुसते बसले. अशी माणसं मिळत नाहीत.

मुलीचा आवाज मला तुझा हवा आहे. चार वाक्यं आहेत: ‘बाबा, मी निघते आता. जेवण झाकून ठेवलंय. औषधं टेबलावर आहेत. निघू ना?’ नटी आणली तर ती लाडात येऊन म्हणेल. तू बाबांशी नेहमी कामापुरतं बोलायचीस आणि त्या कामापुरत्या बोलण्यात सगळं असायचं. मी लाख प्रयत्न केला, मला ते जमत नाही. दोन-तीनदा रेकॉर्ड कर आणि मेमरी चिप पोस्टाने पाठव.

आणि हे फक्त फिल्मसाठी आहे. मी मध्ये पडून तुमचं जुळवायला बघतेय असं मनात आणू नकोस. तेवढी अक्कल मला तुमच्या दोघांच्या सहवासात आली आहे.

तुझी,
धाकटी


१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पोस्टकार्ड मिळालं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि त्यात शब्द किती, तर चार. ‘बाबांना माहीत आहे का?’ शब्द वाया न घालवण्यात तू बाबांचीच मुलगी.

हो, माहीत आहे. मी आवाजाचं काढलं तेव्हा ते ब्रश धूत होते. वर न बघता म्हणाले, ‘फिल्म तुझी, आवाज कुणाचा घ्यायचा ते तू बघ. मला काय विचारतेस?’ बाबांकडून याहून स्पष्ट होकार आजवर कुणाला मिळाला आहे का, तूच सांग.

ब्रश अजून धुतात, दर रविवारी. पाटी रंगवायचं शेवटचं काम येऊन चार वर्षं झाली. गल्लीच्या तोंडाशी चाव्या बनवणारा आहे, त्याच्या दुकानाची पाटी बाबांच्या हातची आहे, आणि वळणावरच्या दवाखान्याची. बाकी सगळीकडे भावोजींसारख्यांचे छापील बोर्ड. टोमणा नाही हं हा. मशीन भावोजींनी आणलं नसतं तर आणखी कुणी आणलं असतं, हे मलाही कळतं. बाबांनाही कळत असणार. पण त्यांची कामं एकेक करून ज्या दुकानात गेली, त्याच दुकानदाराशी तू लग्न केलंस. ते म्हणाले, ‘माझ्या पोटावर पाय देणाऱ्याच्या घरात गेलेली मुलगी माझी नाही.’ तू म्हणालीस, ‘बरं,’ आणि बॅग उचललीस. दोघांतलं एक जण जरी जरासं कमी हट्टी असतं, तरी मला आज पोस्टाच्या रांगेत उभं राहावं लागलं नसतं.

तर पाठव. एकवीस मार्चला शूटिंग आहे. सकाळी दहा ते बारा खिडकीतून सरळ उजेड येतो, तेवढ्यातच उरकायचं.

तुझी,
धाकटी


११ मार्च

प्रिय ताई,

चिप मिळाली. सोबत पत्र नव्हतं. असेल असं वाटलंही नव्हतं, तरी पाकीट दोनदा झटकून बघितलं.

पहिल्यांदा म्हटलेलं ऐकलं आणि मशीन बंद केलं. तू अगदी मला हवं होतं तसंच म्हटलं आहेस. ‘निघू ना?’ला आवाज जराही चढवलेला नाही. पुढचं मुद्दाम ऐकलं नाही. ऐकत बसले असते तर पाठ झालं असतं, आणि मला ते त्या दिवशी ताजं ऐकायचं आहे.

आता आमच्या सैन्याची ओळख करून देते. कॅमेऱ्यावर क्रेनकाका. वीस वर्षं लग्नं शूट करतात, आणि कॅमेरा क्रेनवर चढवून नवरानवरीच्या डोक्यावरून घिरट्या घालण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांना सांगितलं की ट्रायपॉडच्या पायांभोवती चिकटपट्टीच्या खुणा करणार आहे आणि त्यातून कॅमेरा बोटभरही सरकायचा नाही. ते म्हणाले, ‘मग मला कशाला बोलावलंस? विटेवर ठेवून दे की.’ मी म्हटलं, हलवता येत असूनही जो हलवणार नाही असा माणूस हवा आहे. यावर त्यांनी मिशी चावत चिकटपट्टी मागितली. आवाजाला मौनी. त्याचं खरं नाव मलाही आठवत नाही. दिवसभरात पाच वाक्यं बोलतो, त्यातली तीन बॅटरीबद्दल. तो स्पीकर घेऊन आतल्या खोलीत बसेल, म्हणजे तुझा आवाज खरोखर आतून येईल.

नियम एकच केला आहे. मी ‘बस’ म्हणेपर्यंत कुणी काही थांबवायचं नाही. कॅमेरा नाही, आवाज नाही, काही नाही.

काल फ्रेम लावून बाबांना पडद्यावर दाखवली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती बघितली, जशी आपल्या शाळेच्या वहीतली अक्षरं बघायचे. मग म्हणाले, ‘धाकटे, खुर्ची डावीकडे घे. अक्षर काढण्याआधी त्याच्या बाजूची मोकळी जागा बघायची असते. दाराला श्वास घ्यायला जागाच नाही ठेवलीस.’ खुर्ची वीतभर सरकवली. क्रेनकाका माझ्या कानात पुटपुटले, ‘म्हातारा बरोबर बोलतोय.’ मला राग आला, कारण बरोबरच होतं.

बाबा खुशीत आहेत. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आहे. मी म्हटलं, चुरगळलेला घाला. ते म्हणाले, ‘मुलगी घर सोडून जात असली म्हणून बापाने काय इस्त्री करू नये?’

तुझी,
धाकटी


२४ मार्च

प्रिय ताई,

हे पत्र तीनदा फाडलं, आता सरळ लिहिते.

मी तुला खोटं सांगितलं. आवाज तुझा आहे हे बाबांना माहीत नव्हतं. ‘मला काय विचारतेस’ हे ते खरंच म्हणाले होते, पण मी त्यांना एका नटीचा आवाज घेणार आहे असं सांगितलं होतं, त्यावर. नटीबद्दलचा होकार मी तुझ्या नावावर खपवला. त्यांना सांगितलं असतं तर ते तयारी करून बसले असते आणि चेहऱ्याला कुलूप लावलं असतं. मला बिनतयारीचा चेहरा हवा होता. कॅमेरा जागचा हलवायचा नाही तर समोर काहीतरी खरं घडायला हवं ना, असं मी स्वतःला समजावलं होतं.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगते.

दहा ते अकरा बाबा नुसते बसलेले काढून घेतले, अकरा वाजता आवाजाचा शॉट सुरू केला. बाबा खुर्चीत, हात टेबलावर. मी कॅमेऱ्याच्या मागे, कानाला हेडफोन, डोळे पडद्यावर. मी खूण केली, आत मौनीने आवाज सुरू केला.

‘बाबा, मी निघते आता.’ तेवढ्यातच त्यांनी ओळखलं. मान दाराकडे वळली आणि हात टेबलावरून मांडीवर आले. चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण ते मी इतक्या वर्षांत कुठल्या नटाच्या चेहऱ्यावर बघितलं नाही. चार वाक्यं संपली. तिथे ‘बस’ म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. इतकं चांगलं चाललं होतं की मला हाव सुटली. आणि मी म्हटलं नाही म्हणून मौनीनेही थांबवलं नाही. दुसऱ्यांदा तुझी वाक्यं आली, तिसऱ्यांदा आली. मग ते आलं जे मी घरी ऐकलं नव्हतं.

तू रेकॉर्डिंग बंद करायला विसरली होतीस, ताई. एका लहान मुलीचा आवाज आला, ‘आई, झालं का?’ आणि तुझा, अगदी दबक्या आवाजात, ‘हळू बोल गं, आजोबांना ऐकू जाईल.’ मग तुम्ही दोघी हसलात.

मी मावशी झाले हे मला स्पीकरमधून कळलं. त्याबद्दल मी रागावले आहे, ते पुन्हा कधीतरी.

बाबा उठले. गुडघ्यांवर हात न ठेवता उठले. दारातून आत गेले आणि त्यांच्या पाठोपाठ दार लागलं. आतल्या खोलीचं मागचं दार जिन्यात उघडतं हे तुला आठवत असेल. तिकडून ते निघून गेले. तुझा आवाज ऐकून, अकरा वर्षांनीसुद्धा, उठून निघून गेले. हे तुला न सांगता राहता आलं असतं, पण आता आणखी खोटं नको.

आणि मी काय केलं, तर पडदा बघत बसले. रिकामी खुर्ची आणि बंद दार. बाबांनी सांगितली तेवढीच मोकळी जागा. मला वाटलं, फिल्म हीच आहे. पाच-सहा मिनिटं गेली असतील. क्रेनकाका एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा दाराकडे. शेवटी म्हणाले, ‘अगं, बाप आहे तो तुझा,’ आणि कॅमेरा सोडून गेले. कॅमेरा हलवायचा नाही हा नियम कॅमेऱ्यासाठी होता. तरी मीही जागची हलले नाही.

काकांना ते जिन्यात सापडले. पायात काही न घालता पायरीवर बसले होते. वर आले, म्हणाले, ‘आज पुरे,’ आणि शर्ट बदलायला गेले. तीन दिवस झाले, माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोललेले नाहीत.

एवढं सगळं लिहून शेवटी विचारायला लाज वाटते, तरी विचारते. तो शॉट मी वापरू का? महोत्सवाला फिल्म पाठवायची मुदत वीस एप्रिलची आहे. असं पुन्हा मिळणार नाही. त्यात तुझा आवाज आहे आणि तिचाही, म्हणून तुझी परवानगी लागेल.

तुझी,
धाकटी


१२ एप्रिल

प्रिय ताई,

‘पुसून टाक. माझ्या मुलीचा आवाज त्या घरात पुन्हा वाजवायचा नाही. मला लिहू नकोस.’ या वेळी शब्द बरेच होते, आणि तू लिहिताना पेन किती दाबलंस ते कार्डाच्या मागच्या बाजूनेही कळत होतं.

पुसलं. परवा सकाळी, तू लिहिलंस तसंच, चित्र आणि आवाज दोन्ही, आणि तुझी चिपसुद्धा. एकही प्रत ठेवलेली नाही. माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी काही केलेलं नाही, म्हणून क्रेनकाकांना शेजारी बसवून पुसलं. त्यांनी सही केलेला कागद सोबत आहे. कागदाची कल्पना त्यांची. फिल्म या वर्षी पाठवत नाही. त्या शॉटशिवाय ती सहा मिनिटांची उरते आणि त्यात एक म्हातारा काही कारण नसताना खुर्चीत बसलेला दिसतो.

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितेय, कारण मागच्या पत्रात मी तुला आणखी एक चुकीचं सांगितलं. या वेळी खोटं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं.

पुसायचं ठरल्यावर मौनीला बोलावलं होतं, त्याच्याकडचा आवाजही पुसायला. तो मुकाट्याने पुसत होता. मग एकदम म्हणाला, ‘ताईंना आतलं कळवलंत ना?’

मी म्हटलं, ‘आतलं काय?’

‘ते आत आले होते ना.’

‘आत येऊन जिन्यात गेले.’

‘लगेच नाही गेले,’ मौनी म्हणाला, आणि मग त्याने जे सांगितलं ते त्याच्या महिन्याभराच्या बोलण्याइतकं असेल. मी त्याला विचारलं, तीन आठवडे गप्प का बसलास? तो म्हणाला, तुम्ही विचारलं नाही. मी खरंच विचारलं नव्हतं. मला पडद्यावर जेवढं दिसलं तेवढंच घडलं असं मी धरून बसले होते.

तर ऐक. बाबा आत आले ते घाईने, आणि त्यांनीच दार मागे लोटलं. मौनी कोपऱ्यात जमिनीवर बसला होता, त्याच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. त्यांनी खोलीभर बघितलं. मग दाराच्या मागे बघितलं. मग कपाटाच्या बाजूला जी जागा आहे, जिथे तू आणि मी लपायचो, तिथे वाकून बघितलं. मौनी म्हणाला, ते हसत होते. लहान मुलाला शोधताना मोठी माणसं हसतात ना, तसे. मग मागचं दार उघडून त्यांनी जिन्यात डोकावलं, परत आत आले आणि मौनीला हळूच विचारलं, ‘गेल्या का?’

 मौनीने स्पीकरकडे बोट दाखवलं. बाबांनी स्पीकरकडे बघितलं, मान डोलावली आणि जिन्यात जाऊन बसले.

ते तुझ्यावर रागावून उठले नव्हते, ताई. त्यांना वाटलं मी तुम्हा दोघींना गुपचूप आणून आत लपवलं आहे. वाक्यं ऐकून नसतं वाटलं, ती मशीनमधूनही येतात. पण ‘हळू बोल, आजोबांना ऐकू जाईल’ असं कुणी मशीनमध्ये बोलून ठेवत नाही. माणूस पलीकडच्या खोलीत असला तरच असं बोलतो. म्हणून ते उठले. तुम्हाला भेटायला उठले.

काल मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. नटी नव्हती, चिप, तुझं कार्ड, मी मारलेल्या थापा, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं आता माझी बिनपाण्याने हजामत होणार. ते एवढंच म्हणाले, ‘नाव काय तिचं?’ मी म्हटलं, माहीत नाही. त्यावर ते मात्र रागावले. म्हणाले, ‘मावशी ना तू? एवढंही विचारलं नाहीस?’ तेव्हा विचारते, नाव काय तिचं? मला सांगायचं नसेल तर त्यांना सांग.

मी तुला ये म्हणत नाही. तो हक्क मी घालवला. वस्तुस्थिती तेवढी कळवते. बाबा सकाळी फिरून नऊपर्यंत घरी येतात आणि मग दिवसभर घरीच असतात. येत्या शनिवारी मला दुसऱ्या कुणाच्या फिल्मचं काम आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी उशिरा येईन. क्रेनकाका आणि मौनीही माझ्याबरोबर असतील. घरात बाबांशिवाय कुणी नसेल. कॅमेरा मी घेऊन जातेय.

तुझी,
धाकटी